सोड्यानं घासलेले हात

"हात पुढं कर," हौसामामी म्हणाली. "आन् तोंड मिटून बस. नवरीनं लगनाच्या दिवशी कुरकुर करू न्हाई."

परसदारी न्हाणीच्या दगडावर मी बसले होते. मामीनं डब्यातला खायचा सोडा मुठीनं वाटीत घेतला, त्यात थोडंसं पाणी टाकून भरभरीत लगदा केला आणि माझ्या बोटांपासून कोपरापर्यंत थापला. मग नारळाची शेंडी घेऊन घासायला लागली.

"आई गं! कातडं निघतंय मामी."

"निघू दे. काळं निघाल्याशी कारण."

माझे हात काळे होते. मातीनं किंवा चुलीनं होतात तसे नव्हे. काजूच्या टरफलात दाट तेल असतं. बी फोडताना ते उडतं, बोटांच्या भेगांत शिरतं, कातडी भाजतं आणि मग असा डाग धरतं की साबण, राख, रॉकेल, कशालाही दाद देत नाही. जुनी कातडी गळून नवी आली तरच जातो. आमच्या आजरा भागात काजूच्या कारखान्यावर जाणारी बाई पंगतीत वाढायला वाकली की हातांवरून ओळखू यायची.

आणि तेच कुणाला कळायला नको होतं. मामानं दिनकररावांचं स्थळ आणलं तेव्हा नवऱ्याकडच्यांनी एकच अट घातली होती. कारखान्यावर जाणारी पोरगी नको, घरातली पाहिजे. आईनं डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं, "आमची मालन उंबऱ्याच्या बाहीर जात न्हाई." ते बघायला आले तेव्हा पावसाळा होता, कारखाना बंद होता, माझे हात बरे होते. लग्न उन्हाळ्यात करायचं ठरलं. मधे हंगाम सुरू झाला, बायका कमी पडतात म्हणून मुकादम बोलवायला आला, आणि मी गेले. आई ओरडली, तरी गेले. मला तिथं आवडायचं. ओळीनं बसलेल्या बायका, खटाखट फुटणारी बी, एकीची गोष्ट संपायच्या आत दुसरीची सुरू. घरात मला नुसतं ऐकायला लागायचं. तिथं माझं कुणीतरी ऐकायचं.

आईचा खायच्या सोड्यावर भारी विश्वास. हरभरा शिजेना, घाल चिमूटभर. बाच्या छातीत जळजळलं, दे पाण्यातनं. मोठी ढेकर आली की बा म्हणायचा, उतरलं बघ. गांधीलमाशी चावली, लाव ओला करून. कपाला चहाचा डाग बसला, दुधाच्या भांड्याला आंबूस वास आला, घास सोड्यानं. तेव्हा माझ्या हातांवरही सोडाच आला. आधीचे काही दिवस मामी सोडा लावून वर लिंबू पिळायची. फस्सकन फेस यायचा आणि मामी खुशीत म्हणायची, "बघ, मळ कसा उसळून निघतोय." फेस निघून जायचा, काळं तिथंच असायचं. लिंबू आणि सोडा त्या फेसात एकमेकांनाच संपवतात, हाताच्या वाट्याला काही उरत नाही, हे आम्हाला कुठलं ठाऊक असायला!

लग्नादिवशी मात्र लिंबं आचाऱ्यानं पानात वाढायला नेली होती. म्हणून मामी नुसताच सोडा घासत होती, आणि जास्तच घासत होती. तेवढ्यात अंगणात वाजंत्री वाजली.

"आली!" आई आतून धावत आली. "उष्टी हळद घिऊन आली. ईनबाई स्वतः हायत. अगं आवर की!"

"धुवायचं हाय अजून."

"पूस. पूस नुसतं."

मामीनं ओल्या फडक्यानं माझे हात पुसले. भेगाभेगांत पांढरं राहिलंच. "वाळल्यावर दिसत न्हाई, आन् काळं हळदीखाली झाकंल," ती म्हणाली, आणि मला नवी साडी नेसवून दोघींनी मांडवात आणून पाटावर बसवलं.

आमच्याकडं नवऱ्याला हळद लागली की त्यातली उरलेली वाटी नवरीकडं येते. ती उष्टी हळद. नवऱ्याकडच्या बायका वाजतगाजत आणतात. त्या दिवशी मात्र बायका दोनच होत्या. पुढं सोनाआत्ती, नवऱ्याची आत्या. नवऱ्याचे आईबाप लहानपणीच वारले होते, त्याला तिनंच वाढवलेलं. उंच, वाळकी बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू. मागं शालन, नवऱ्याची धाकटी लग्न झालेली बहीण, करवली म्हणून. करवली म्हणजे हसणारी, टोमणे मारणारी, नवरीच्या मैत्रिणींशी भांडणारी. ही खाली मान घालून उभी. सकाळपासून मारुतीच्या देवळात नवऱ्याकडच्यांचा मुक्काम होता. तिथं पोहे द्यायला गेलेली आमची शेजारीण सांगत होती, की ही पोरगी बशीला हातही लावत नव्हती.

"करवले, मुकी हाईस का काय?" माझ्या एका मैत्रिणीनं छेडलं.

शालननं वर बघितलं, आत्तीकडं बघितलं आणि परत मान खाली घातली.

बायकांनी गाणं धरलं. आत्तीनं आंब्याच्या पानानं माझ्या पायांना, गुडघ्यांना, खांद्यांना, कपाळाला हळद लावली. मग म्हणाली, "शालन, हातास्नी लाव."

शालननं माझ्या उजव्या हाताला बोटांपासून वर हळद चोपडली. मग डाव्या हाताला. हळद ओली होती, गार वाटत होती. मी समोर मांडवाच्या खांबाला बांधलेल्या केळीकडं बघत होते. गाणं एका बाजूनं तुटत गेलं तेव्हा मला कळलं की काहीतरी झालंय.

"अगं बया," कुणीतरी म्हणालं.

मी खाली बघितलं. पाय पिवळे होते. हात पिवळे नव्हते. बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत दोन्ही हात तांबडे व्हायला लागले होते, आणि भेगांत तर रक्त साकळल्यासारखा गडद रंग धरला होता. बाहेर वाजंत्री वाजतच होती. त्यांना काय माहीत.

हळदीच्या डागाला साबण लागला, सोडा लागला की तो तांबडा होतो. नदीवर धुणं धुताना हे न पाहिलेली एकही बाई त्या मांडवात नव्हती. पण नदीवर ते कापड असतं. इथं नवरी होती, आणि उष्टी हळद होती. कुणाच्या मनात नदी आलीच नाही. माझ्या आईला आणि मामीला कळलं, दोघींचे चेहरे मी पाहिले. पण त्यांनी तोंड कसं उघडावं? सोडा म्हटलं की पुढचा प्रश्न आला, नवरीच्या हाताला सोडा कशाला?

तेवढ्यात शालनच्या हातातली वाटी पाटावर आपटली.

"आत्ती!" ती ओरडली. "तिच्यावानीच! तिचं बी हात असंच—"

आत्तीनं तिचा दंड धरला. मारलं नाही. नुसता धरला, आणि शालनचा आवाज बंद झाला.

"पोरगी भ्याली," आत्ती सगळ्यांना म्हणाली. "नवरीला आत न्या, धुवा. मी भटजीला इचारून येतो."

मी पाटावरून उठले आणि शालनचं मनगट पकडलं. "पाणी ओतायला मला करवलीच पायजे," मी म्हणाले. आत्ती माझ्याकडं बघत राहिली. पण सगळ्या बायकांसमोर नाही कशी म्हणणार? ती देवळाकडं गेली. मामीला मी न्हाणीपाशी येऊ दिलं नाही.

शालन तांब्यानं पाणी ओतत होती. दगडावरून तांबूस पाणी वाहत होतं आणि ती त्या पाण्याकडं बघतही नव्हती.

"कुणाचं हात?" मी विचारलं.

"कुणाचं न्हाई."

"शालन."

"न्हाई म्हटलं न्हवं! मला कशाला इचारतीस? मी आपनहून आलो न्हवतो ह्या लगनात. मला आणली."

"हे बघ." मी तिचं बोट घेऊन माझ्या हातावर घासलं. "रक्त न्हाई. सोडा हाय. माझं हात काळं हायत, कारखान्यातलं. ते झाकायला लावलाय. आता मी माझं सांगितलं. तू तुझं सांग."

तांब्या रिकामा झाला तरी ती तो वाकडाच धरून उभी होती.

"माझ्या वैनीचं," ती म्हणाली.

"कंची वैनी? दिनकररावांचं हे पहिलंच—"

तिनं नकारार्थी मान हलवली. "आमच्या आडाला पायऱ्या न्हाईत. सगळा कातळ. तिला वर काढली तवा मी कडंलाच हुतो. दोन्ही हात कोपरापातूर सोललेलं. नखं न्हवती. आत्ती म्हणाली, पाणी वढताना तोल गेला."

"आन् तुझा दादा?"

"दादा आडाच्या कडंलाच बसून हुता. आम्ही यायच्या आधीपासनं."

"हाक मारली न्हाई त्यानं कुणाला?"

शालननं माझ्याकडं पहिल्यांदाच सरळ बघितलं. "मला म्हायेर तेवढंच हाय," ती म्हणाली. "मी काय बोललो न्हाई. तू काय ऐकलं न्हाईस." आणि तांब्या खाली ठेवून ती मांडवात गेली.

मी तिथंच बसून राहिले. पावसाळ्यात ते मला बघायला आले होते, तो दिवस डोळ्यापुढं आला. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, नेहमीचं सगळं विचारून झालं होतं. उठता उठता सोनाआत्तीनं विचारलं होतं, "पवायला येतंय का गं?" सगळे हसले होते. आई म्हणाली होती, "नदीच्या कडंला वाढलीया, मासोळी हाय नुसती." आत्ती हसली नव्हती. "आलेलं बरं," एवढंच म्हणाली होती.

आई पदरानं घाम पुसत आली. तिचा चेहरा उजळला होता.

"सुटलो गं बाय! भटजी म्हणाला, नारळ उतरून टाका, दोष जातोय. ईनबाई बी कबूल झाल्या. हळद परत लावायची. नीट धुतलंस न्हवं?"

"आई, त्याची पहिली बायको आडात मेलीया."

आई थबकली. मी सगळं सांगितलं. ऐकताना ती भिंतीला टेकली, मग खाली बसली. पण बोलली ते वेगळंच.

"माणूस पडतंय आडात, मालन. आपल्या गावात पडली न्हाई का लव्हाराची सून?"

"लपवलं कशाला मग?"

"आपुन न्हाई का लपवलं?"

ती उठून माझ्याजवळ आली, माझे ओले हात पदरानं पुसायला लागली. "मांडव उभा हाय. पानं मांडल्यात. तुझ्या मागं दोघी हायत. मांडवातनं वरात माघारी गेल्यावर त्यास्नी कोण करून घील? तुझ्या बाला हे काय सांगू नगं. त्येच्या जिवाला झेपायचं न्हाई."

"आन् माझ्या जिवाला?"

आई हात पुसतच राहिली. पुसून पुसून कोरडे झाले तरी.

मी स्वयंपाकघरात गेले आणि सोड्याचा डबा घेतला. अजून एक वाट दिसत होती मला. त्यांची अट त्यांच्याच पदरात टाकायची. कारखान्याची पोरगी म्हणून त्यांनीच मोडावं. शालनचं नाव यायला नको, आईवर बोल यायला नको, माझ्यावर येईल तो येऊ दे.

मांडवात आत्ती नारळ घेऊन उभी होती. बा खांबाला टेकून बसला होता, मामा आचाऱ्याशी बोलत होता. गडबड ऐकून नवराही देवळातून आला होता. मांडवाच्या तोंडाशी उभा होता. अंगावर हळदीचे ओघळ, डोक्याला टॉवेल. दिसायला चांगला होता. हे मी कधी नाकारलं नाही.

उष्ट्या हळदीची वाटी पाटापाशीच होती. मी सगळ्यांदेखत तिच्यात मूठभर सोडा टाकला आणि बोटानं कालवला. हळद विटेच्या रंगाची झाली.

"दोष न्हाई, अपशकुन न्हाई," मी म्हणाले. "हा खायचा सोडा हाय. मी काजूच्या कारखान्यावर जातो. हात काळं झाल्यात म्हणून घासलं हुतं. तुमास्नी कारखान्याची नको हुती. मी कारखान्याची हाय."

मामा धावून आला. "मालन! येड लागलं काय?" मामीनं कपाळावर हात मारला. बायकांत कुजबुज उठली, कुणी हसलंसुद्धा. आता त्यांना नदी आठवली असावी.

आत्ती काही बोलायच्या आत नवरा पुढं आला. सावकाश. माझे हात त्यानं लांबूनच निरखले.

"आसू दे की," तो म्हणाला. आवाज मऊ होता. "हात काय, हुत्यात बरं. घरातनं बाहीर पडलीच न्हाई की आपसूक बरं हुत्यात. लगीन लावा."

मामा मोठ्यानं हसला. "घ्या! जावई देवमाणूस हाय." आईनं हात जोडले. वाजंत्रीवाल्यांना कुणीतरी खूण केली. माझ्या पायाखाली मांडवातलं शेणाचं सारवण अजून ओलं होतं, ते मला तेवढं आठवतंय. सगळे परत आपापल्या कामाला लागत होते. नवरा माझ्याकडं बघून हसत होता, आणि त्याच्या मागं शालन मांडवाच्या दोरीला धरून उभी होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"आत्याबाई," मी म्हणाले. "मला बघायला आला तवा तुमी इचारलं हुतं, पवायला येतंय का. ते कशासाठी इचारलं हुतं?"

आत्तीच्या हातातला नारळ तसाच राहिला.

"आता हे काय मधीच?" मामा म्हणाला.

"एवढं सांगा. मग मी पाटावर बसतो."

आत्तीनं नवऱ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघत होते, म्हणून मला दिसलं. ती त्याला भीत होती. त्याला वाढवणारी बाई, त्याच्याएवढीच उंच, आणि तिची मान खांद्यात गेली होती. नवऱ्याचं हसू तसंच होतं, पण आता ते कुणासाठी आहे ते कळत नव्हतं.

"सहज," आत्ती म्हणाली.

बा उठला. माझा बा कमी बोलणारा. पाहुण्यांपुढं तर कधीच नाही. तो आत्तीसमोर जाऊन उभा राहिला.

"बाई," तो म्हणाला, "मी बी तवा हसलो हुतो. मला वाटलं, चेष्टा हाय. आज पोरगी मांडवात इचारतीया. माझ्या पोरीला तुमच्या घरात पवायला कशाला यायला पायजे?"

आत्तीच्या डोळ्यांतून पाणी आलं. आवाज नाही, हुंदका नाही. नुसतं पाणी आलं आणि गालावरून खाली गेलं. तिनं ते पुसलंही नाही.

"आत्ती, चला," नवरा म्हणाला. तसाच मऊ.

बानं मामाकडं वळून सांगितलं, "मांडव उतरवा."

ते गेले. शालन सगळ्यांत मागं होती. तिनं मागं वळून बघितलं नाही आणि मीही हाक मारली नाही. जेवणं गावाला वाढली, अन्न वाया जायला नको म्हणून. आई त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही. एवढंच नव्हे, घरात सोडा आणायचाही तिनं बंद केला. हरभरा तासन्‌तास चुलीवर राहायचा. माझ्या बहिणींची लग्नं झाली, जरा उशिरा झाली, पण झाली. माझं झालं नाही. जे कळलं होतं ते मी लपवलं नाही. कारखान्यात, बाजारात, जी ऐकेल तिला सांगितलं. बायका ऐकायच्या, चुकचुकायच्या आणि म्हणायच्या, लगीन मोडल्याचा राग हाय पोरीला. त्या माणसानं वर्ष सरायच्या आत दुसरीकडं लग्न केलं.

पुढं मी कारखान्यात ओळीवरची मुकादमीण झाले. एका हंगामाच्या सुरुवातीला एक बाई कामावर आली. कडेवर पोर, पायांत चप्पल नाही, हात स्वच्छ. नाव विचारलं तर कृष्णाबाई म्हणाली. मी तिला बाजूला बसवलं, हाताला लावायला एरंडेल दिलं, बी कशी धरायची ते दाखवलं. ती नीट बघत होती, पण मधूनच माझ्या हातांकडं बघायची.

"मालन तुमीच का?" तिनं शेवटी विचारलं.

"व्हय. का?"

"माझ्या नणंदेनं, शालननं सांगितलं. म्हणाली, कारखान्यात मालन हाय, तिच्याकडं जा. ती इस्वास ठेवंल."

खटाखट बी फुटत होती. आजूबाजूला कुणाचंच आमच्याकडं लक्ष नव्हतं. मी तिच्या पोराला मांडीवर घेतलं.

"शोधायला येतील तुला," मी म्हणाले.

"न्हाई येत." तिनं एक बी उचलली, यंत्रात धरली, दाबली. पहिल्याच बीचा गर अखंड निघाला. "मी घागर आडाच्या काठावर ठिवली, चपला बी तिथंच ठिवल्या, पोराला घेतलं आन् माळानं चालत सुटलो. त्या घरात आडावर गेलेली बाई माघारी आली न्हाई, तर तिला रस्त्यावर कुणी हुडकत न्हाई."